सावलीतला पारा आणि सडकेचा ताव



वैशाख लागला की संध्याकाळच्या बातम्यांत एक आकडा आपण न चुकता ऐकतो. छत्रपती संभाजीनगर, कमाल तापमान ४२ अंश. आकडा ऐकला की ओसरीवरचे वडीलधारे म्हणतात, "तरीच आज जिवाची लाही होत होती." पण हा ४२ चा आकडा नेमका कशाचा, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो डोक्यावरच्या उन्हाचा नाही. गंगापूरहून गावी परतताना पायाखाली येणाऱ्या डांबरी सडकेचा तर मुळीच नाही. तो आकडा आहे सावलीतल्या हवेचा.

संभाजीनगरचा पारा चिकलठाण्याच्या वेधशाळेत मोजला जातो. तिथे मोकळ्या मैदानात पांढरा रंग दिलेली एक लाकडी पेटी उभी असते. तिच्या चारी बाजूंना झिलमिलीसारख्या तिरप्या पट्ट्या असतात. वारा आत खेळावा, पण ऊन आत शिरू नये, अशी ती योजना. पेटी जमिनीपासून चारएक फूट उंच असते, कारण तापलेल्या मातीचा ताव पाऱ्याला लागू द्यायचा नसतो. असे का करायचे? नागपूरची हवा, नाशिकची हवा आणि आपली हवा एकाच मापाने मोजली तरच त्यांची तुलना होईल, म्हणून. हे माप खरेच आहे. पण आपण काही त्या पेटीत राहत नाही. आपली मुले सडकेने शाळेत जातात, आपले बैल सडकेने चालतात, आणि मका-सोयाबीन वाळायला घालायचे तर आपल्याला पहिल्यांदा सडकच आठवते. तेव्हा सडकेचा आकडा कोणता, आणि हवामान पालटले की तो कसा पालटतो, हे आज समजून घेऊ.

उन्हाचा जमाखर्च

सडकेला उष्णता मिळते कुठून आणि ती जाते कुठे, याचा हिशेब घरच्या जमाखर्चासारखा मांडता येतो.

जमेची बाजू एकच, पण मोठी. निरभ्र उन्हाळी दुपारी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढ्या जागेवर सुमारे एक हजार वॉट इतके ऊन पडते. म्हणजे एक हजार वॉटची विजेची शेगडी तेवढ्या जागेवर पेटत ठेवल्यासारखे झाले. गावाकडच्या सडकेची डांबरी पट्टी बहुधा पावणेचार मीटर रुंद असते. म्हणजे सडकेच्या दर मीटर लांबीला जवळजवळ चार शेगड्या. नव्या काळ्याकुळीत डांबरावर हे ऊन पडले की त्यातले शंभरातले नव्वद-पंचाण्णव भाग ते पिऊन टाकते. जेमतेम पाच-दहा भाग परत फेकते.

खर्चाच्या बाजू चार. पहिली, तापलेली सडक स्वतःच आभाळाकडे उष्णता सोडत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण चुलीपासून हातभर अंतरावर बसले तरी जशी धग लागते, तशी ही असते. दुसरी, वारा सडकेवरून वाहताना उष्णता घेऊन जातो. तिसरी, काही उष्णता खालच्या खडीत आणि मातीत उतरते. चौथी, सडक ओली असेल तर पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. जमा जास्त आणि खर्च कमी, की सडक तापत जाते. दोन्ही बाजू जिथे बरोबर येतात, तिथे तिचा पारा थांबतो.

हवामान म्हणजे दुसरे काय? ऊन, ढग, वारा आणि पाऊस. हे चौघेही या वहीत रोज लिहितात. एकेकाचे पाहू.

ऊन आणि वेळ. आपल्या घड्याळाचा वेळ देशभर एकच आहे, पण सूर्य गंगापूरच्या बरोबर माथ्याशी येतो तो साधारण साडेबाराला. सडक सर्वांत जास्त तापते ती त्यानंतर, एक ते तीनच्या दरम्यान. हवेचा पारा त्याहून उशिरा, अडीच-तीननंतर शेंड्याला पोचतो. कारण हवा उन्हाने थेट फारशी तापत नाही, ती तापलेल्या जमिनीच्या अंगाने तापते. आधी तवा तापतो, मग भाकरी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा ऊन सडकेवर सरळ उभे पडते. पौषात तेच ऊन तिरपे पडते, जास्त जागेवर पसरते, म्हणून सडक कमी तापते. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा एकदा डोक्यावरून जातो, पण तेव्हा आभाळात ढग असतात, म्हणून ते आपल्या ध्यानातही येत नाही.

ढग. ढगाचा तुकडा सूर्यापुढून गेला की जमेची बाजू एकदम आटते. सडकेचा पृष्ठभाग काही मिनिटांतच उतरू लागतो. सावलीतल्या पेटीतला पारा मात्र जागचा फारसा हलत नाही. म्हणून ज्या दिवशी बातमीत ४० आणि आभाळ झाकोळलेले, त्या दिवशी सडक बरी असते. ज्या दिवशी बातमीत ३६ च, पण आभाळ धुतल्यासारखे निळे आणि वारा पडलेला, त्या दिवशी तीच सडक जास्त पोळते. बातमीतल्या आकड्यावर विसंबून पाय टाकू नये, तो यासाठी.

वारा. गरम भाकरीवर फुंकर घालतो तेच काम वारा करतो. उन्हाळी वाऱ्याच्या झळा माणसाला नकोशा वाटतात, पण ४२ अंशांची झळसुद्धा पासष्ट अंशांच्या सडकेला थंडच असते. ती सडकेवरून उष्णता घेऊन जाते. वारा पडला की सडकेचा खर्च घटतो आणि पारा चढतो. दोन्ही बाजूंना उंच ताली किंवा उभा ऊस असलेल्या खोलगट रस्त्यावर, जिथे वारा पोचत नाही, तिथे ताव जास्त असतो.

पाऊस. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत साधे सात लिटर पाणी उकळीला येईल. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. वळवाची सर आली की सडकेतून वाफा निघतात आणि थोड्या वेळातच तिच्यावर हात ठेवता येतो. पण एक ध्यानात ठेवा. महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि गाड्यांतून गळलेले तेल पहिल्या सरीत कालवले जाते आणि सडक निसरडी होते. पहिल्या पावसात मोटारसायकल सावकाश चालवावी.

काळी जमीन आणि काळी सडक

सडकेच्या तापमानाचे हे शास्त्र आपल्याला परके नाही. त्याचा एक महत्त्वाचा धडा आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच काळ्या मातीवर गिरवला गेला. १९३२ साली पुण्याला हवामान खात्याची शेतीविषयक शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास. पीक वाढते ते पेटीतल्या सावलीत नव्हे, तर जमिनीलगतच्या हवेत. तेव्हा जमिनीलगतच मोजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या पृष्ठभागाचे आणि तिच्या निरनिराळ्या खोलीचे तापमान वर्षानुवर्षे मोजले. उघडी काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, हे त्यांना आढळले. मग १९३० च्या दशकातच त्यांनी एक साधा प्रयोग केला. काळ्या जमिनीच्या तुकड्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. माती तीच, ऊन तेच, हवा तीच. फक्त रंग बदलला, आणि जमिनीचा ताव चांगलाच उतरला.

डांबरी सडक म्हणजे अशीच काळी जमीन, पण आणखी काळी आणि कोरडी. म्हणूनच एकाच दुपारी दोन सडकांचे आकडे वेगळे येतात. नवी काळी सडक सर्वांत जास्त तापते. चार-पाच वर्षांनी डांबर झिजून खडी उघडी पडते, सडक करडी होते आणि थोडी कमी तापते. सिमेंटचा रस्ता फिकट असतो. तो डांबरी सडकेपेक्षा बराच कमी तापतो. आपल्या भागातून जाणारा समृद्धी महामार्ग बहुतांशी सिमेंट काँक्रीटचा आहे. त्यावरून उतरून नव्या डांबरी सडकेला लागलात तर पायाखालचा फरक लगेच कळेल.

अमेरिकेत फिनिक्स हे वाळवंटी शहर आहे. तिथे २०२० पासून काही मोहल्ल्यांतल्या डांबरी सडकांना फिकट करडा लेप दिला जात आहे. तिथल्या विद्यापीठाने मोजणी केली, तेव्हा लेप दिलेली सडक दुपारी साधारण सहा अंश सेल्सिअसने कमी तापलेली आढळली. पण सोबत एक गोष्टही दिसली. सडकेने न घेतलेले ऊन वर उडते, ते चालणाऱ्या माणसाच्या अंगावर येते, आणि दुपारी त्याला उलट जास्त तलखी होते. म्हणजे रंग हा अर्धाच उपाय. पुरा उपाय कोणता, ते शेवटी सांगतो.

इंजिनियर लोक कसे मोजतात

सडक खचते किती, हे तपासताना सार्वजनिक बांधकामाचे इंजिनियर सडकेचे तापमान आधी मोजतात. भरलेल्या ट्रकच्या मागच्या चाकांमध्ये एक लांब दांडी ठेवायची, ट्रक पुढे न्यायचा आणि सडक किती वर उसळली ते पाहायचे, अशी ती चाचणी. पण तापलेले डांबर नरम असते, तेव्हा तीच सडक दुपारी जास्त दबलेली दिसेल आणि सकाळी कमी. म्हणून सडकेत चारएक सेंटिमीटर खोल बारीक भोक पाडतात, त्यात ग्लिसरीन भरतात, थर्मामीटर बुडवतात आणि पाच मिनिटांनी पारा वाचतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९७ च्या नियमावलीत ३५ अंश हे प्रमाण धरले आहे. सडक त्याहून जास्त तापलेली असेल, तर दर अंशामागे मोजलेल्या आकड्यात शतांश मिलिमीटरची दुरुस्ती करतात. ग्लिसरीन का? ते भोकाच्या भिंतींना आणि थर्मामीटरला दोघांनाही चिकटून राहते, पाण्यासारखे चटकन उडून जात नाही.

आता गंगापूरची सडक किती तापेल? अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात रस्त्यांच्या संशोधनाचा एक मोठा कार्यक्रम झाला. त्यातून एक ठोकताळा निघाला. गावाचा अक्षांश आणि हवेचे तापमान ठाऊक असले, की निरभ्र उन्हाळी दुपारी डांबराचा पृष्ठभाग किती तापेल त्याचा अंदाज बांधता येतो. गंगापूरचा अक्षांश सुमारे १९.७ अंश उत्तर. तो घातला की उत्तर येते : हवेपेक्षा सुमारे साडेसव्वीस अंश जास्त. म्हणजे बातमीत ४२ असतील तर सडकेच्या पाठीवर ६८ च्या वर. दोन सेंटिमीटर खाली साधारण ६४-६५. यात ताशी सोळाएक किलोमीटर वेगाचा वारा धरलेला आहे. वारा पडला तर आकडा आणखी चढेल. ढग आले, सडक जुनी करडी असली, तर उतरेल. हा ठोकताळा आहे, मोजणी नव्हे. पण सावलीतला पारा आणि सडकेचा ताव यांत केवढे अंतर पडते, ते यावरून कळते.

डांबराची प्रत ठरवतानाही मोजण्याची हीच गोष्ट आपल्या देशात हळूहळू उमगत गेली. पूर्वी डांबराची प्रत सुईने ठरवीत. २५ अंशांच्या डांबरात पाच सेकंदांत सुई किती रुतते, ते पाहत. पण वैशाखात सडक काही २५ अंशांवर नसते. म्हणून २००६ पासून ६० अंशांना डांबर किती घट्ट राहते, यावरून प्रती ठरू लागल्या. २०१३ च्या भारतीय मानकाप्रमाणे, जिथे लागोपाठच्या सात दिवसांची सरासरी कमाल हवा ३८ ते ४५ अंश असते, तिथे व्हीजी-३० या प्रतीचे डांबर योग्य मानले आहे. त्याहून उष्ण मुलखाला व्हीजी-४०. नरम प्रतीचे डांबर उष्ण जागी वापरले, की एस.टी. थांब्यापाशी आणि चढावर, जिथे अवजड गाड्या सावकाश चालतात किंवा उभ्या राहतात, तिथे चाकोऱ्या पडतात, आणि डांबर वर सुटून चपलांना चिकटते.

आपल्या जिवाशी गाठ

आता हे सारे आपल्या घराशी कुठे येऊन भिडते, ते पाहा.

पहिली गोष्ट पायांची. ६० अंश तापलेल्या वस्तूला उघडी कातडी टेकली तर पाच-सहा सेकंदांत खोल भाजते. ७० अंशांना एक सेकंद पुरतो. हे आकडे धातू आणि कढत पाण्यासारख्या वस्तूंवरून काढलेले आहेत. डांबर धातूइतक्या वेगाने उष्णता देत नाही आणि शेतकऱ्याचा तळवा घट्ट असतो, म्हणून आपण चार पावले उड्या मारीत निघून जातो. पण लहान मुलाचा तळवा कोवळा असतो. आणि ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या पायांची जाणीव पुष्कळदा बोथट झालेली असते. चटका बसल्याचे त्यांना कळतच नाही. रात्री पाय धुताना फोड दिसतो, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम लवकर भरत नाही. पैठणच्या नाथषष्ठीला फाल्गुनात पायी जाणाऱ्या मंडळींत अनवाणी चालण्याचा नेम पाळणारे पुष्कळ असतात. नेम सोडा असे कोण सांगेल? पण पहाटे चालावे, अकराच्या आत मुक्काम गाठावा, आणि मधुमेह असलेल्याने रोज रात्री दोन्ही तळवे घरच्या माणसाला दाखवावेत. एवढे केले तरी नेमाला बाध येत नाही.

दुसरी गोष्ट आणखी गंभीर. भर दुपारी कोणी भोवळ येऊन, फेफरे येऊन किंवा अपघातात सडकेवर पडला, तर गर्दी जमते, कोणी पाणी शिंपडते, कोणी गाडी शोधते. तोवर तो माणूस तव्यावर पडून असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात याच फिनिक्स शहरात हवेचा पारा सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर गेला. तेव्हा सडकेवर पडून भाजलेली माणसे तिथल्या रुग्णालयात दाखल होत होती. म्हणून ध्यानात ठेवा. मानेला किंवा पाठीला इजा झाल्याची शंका असेल तर मान सरळ धरून चौघांनी अलगद उचलावे, पण सडकेवरून सावलीत आधी न्यावे. लगेच हलवता येत नसेल तर खाली घोंगडी, पोते, जे हाती लागेल ते सरकवावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये, फोड फोडू नये, आणि दवाखाना गाठावा.

तिसरी गोष्ट जनावरांची. बैलाच्या खुराला पत्री मारलेली असली तरी खुराच्या मधली कातडी उघडीच असते. वासरू आणि शेळ्या यांना तर पत्रीही नसते. बाजाराला जनावरे न्यायची तर पहाटे निघावे आणि परतताना सडकेच्या कडेची माती धरावी. मुरमाची फिकट वाट डांबरापेक्षा कमी तापते.

चौथी गोष्ट घरच्या बियाण्याची. सोयाबीन निघते ऑक्टोबरात. तेव्हा पावसाळा संपून आभाळ निवळलेले असते. हवा ३२-३३ अंश असली तरी भर दुपारी उघडी डांबरी सडक पन्नाशी सहज ओलांडते. बियाण्याचे दाणे ४० अंशांच्या वर तापू देऊ नयेत. सोयाबीनची साल पातळ असते, आतला अंकुर नाजूक असतो. तापलेल्या सडकेवर ओतलेले दाणे दिसायला टणटणीत वाळतात. पण पेरल्यावर उगवत नाहीत, आणि आपण पावसाला नाहीतर खताला दोष देत बसतो. बाजारात न्यायचा माल असो की बियाणे, सडकेवर वाळवण घालणे वाहनांना धोक्याचेच असते. बियाणे तर सडकेवर घालूच नये. खळ्यात ताडपत्री टाकून पातळ थर द्यावा, सकाळच्या उन्हात हलवीत राहावे, दुपारी सावलीत घ्यावे. आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर दाणे उगवले तर बियाणे चांगले.

पाचवी गोष्ट रात्रीची. सडक दिवसभर उष्णता साठवते आणि रात्रभर सोडते. भोवतीचे शिवार गार पडले तरी सडक ऊबदार असते. सापाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, तो बाहेरून मिळवतो. म्हणून गार रात्री साप सडकेवर येऊन पडतात. रात्री पाणी द्यायला निघाल्यावर "सडकेवर काय साप असणार" म्हणून बॅटरी बंद करू नये. सडकेवर तिची जास्तच गरज असते.

तुम्हीही मोजा

हे सारे ऐकून विसरण्यापेक्षा एकदा मोजून पाहावे. गावच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रयोग सहज जमेल.

लागणारे सामान थोडे. शाळेच्या प्रयोगशाळेतले ० ते ११० अंशांचे दोन थर्मामीटर, शक्यतो लाल द्रवाचे, कारण पारा सांडला तर घातक. तापात लावायचा थर्मामीटर चालत नाही. तो ४२ च्या पुढे फुटतो. कोरोनाच्या साथीत २०२०-२१ साली कपाळापुढे धरायची जी बंदूक गावोगाव आली, तीही चालत नाही. ती माणसाच्या अंगापुरतीच बनवलेली असते. कारखान्यात वापरतात ती तापमापक बंदूक कोणाकडे मिळाली तर उत्तम. ती एक-दोन फुटांवरून सडकेवर रोखावी, म्हणजे लहानशा जागेचेच तापमान येते. मात्र चकचकीत पत्र्यावर किंवा भांड्यावर ती खोटा आकडा दाखवते. डांबर, माती आणि सिमेंट यांवर ती बरी चालते.

वाहत्या सडकेवर मुलांना उभे करू नये, आणि सडकेला भोकही पाडू नये. उखडलेल्या डांबराचा वीतभर रुंद तुकडा कडेला कुठेतरी पडलेला असतो. तो आणून शाळेच्या मैदानात मातीत पृष्ठभागाच्या पातळीला पुरावा. त्यात दोन सेंटिमीटर खोल बारीक भोक पाडून ग्लिसरीन भरावे आणि एक थर्मामीटर उभा करावा. दुसरा थर्मामीटर ओसरीच्या सावलीत, छातीइतक्या उंचीवर, वारा लागेल असा टांगावा. नुसता उन्हात ठेवलेला थर्मामीटर स्वतःच ऊन पिऊन तापतो. तो ना हवेचा आकडा सांगतो ना सडकेचा.

सकाळी आठ, दुपारी बारा, दोन, चार आणि संध्याकाळी सात, अशा पाच वेळांना दोन्ही आकडे लिहावेत. शेजारी चार रकाने आखावेत : आभाळ निरभ्र की ढगाळ, वारा आहे की पडला, सडक कोरडी की ओली, आणि ऊन की सावली. दुसरा तसाच तुकडा कडुलिंबाखाली पुरावा. महिनाभराची वही झाली की मुले तुम्हांला सांगतील, बातमीतला आकडा एक अंशाने चढला म्हणून सडक किती चढते, आणि ढगाने किती उतरते. आपल्या गावचा तो हिशेब असेल, अमेरिकेच्या ठोकताळ्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचा. बर्फाच्या मुलखात, स्वीडन-फिनलंडकडे, सडकेच्या पोटात अशीच तापमापके पुरून ठेवतात, आणि सडक गोठणार असे दिसले की वेळेवर मीठ टाकतात. त्यांना गारठ्याची धास्ती, आपल्याला उन्हाची. मोजण्याची रीत एकच.

मोजण्याचा आणखी एक उपयोग. गावात सडकेचे काम निघाले की थर्मामीटर तिथेही न्या. केंद्राच्या नियमावलीप्रमाणे व्हीजी-३० डांबराचा गरम माल सडकेवर पसरताना निदान १४० अंश असावा, आणि रूळ फिरवण्याचे काम तो ९० च्या खाली जाण्याआधी संपावे. पाऊस चालू असताना, सडकेवर पाणी साचलेले असताना किंवा धुळीच्या वादळात काम बंद ठेवावे, हवा १० अंशांच्या खाली असतानाही ठेवावे, असे तिथे लिहिलेले आहे. लांबून आलेला माल थंड झाला असेल तर तो नीट दबत नाही, त्यात पोकळी राहते, पहिल्या पावसाचे पाणी मुरते आणि दिवाळीच्या आत खड्डे पडतात. भांडण करायची गरज नाही. "साहेब, माल किती अंशांवर आहे, जरा दाखवता का?" एवढा साधा प्रश्न गावातल्या चार माणसांनी विचारला, तरी पुष्कळ फरक पडतो.

राहिली उपायाची गोष्ट. वर सांगितलेल्या वहीत कडुलिंबाखालचा रकाना बघा. भर दुपारी उन्हातले डांबर आणि दाट सावलीतले डांबर यांत वीस-पंचवीस अंशांचे अंतर दिसेल. रंग बदलून पाच-सहा अंश मिळतात, झाडाने त्याच्या चौपट. शिवाय झाड ऊन वर उडवून माणसाच्या तोंडावर मारीत नाही. रुंदीकरणात पुष्कळ ठिकाणचे जुने वड, लिंब, चिंचा गेल्या. ते आता परत येणार नाहीत. पण गावापासून शाळेपर्यंतचा आणि गावापासून एस.टी. थांब्यापर्यंतचा तुकडा तर आपल्याच हातचा आहे. या मृगात ग्रामपंचायतीला विचारून सडकेच्या दक्षिण आणि पश्चिम अंगाला लिंब लावा, म्हणजे दुपारनंतरची सावली सडकेवर पडेल. प्रत्येक रोप एकेका घराच्या नावाने करा, आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात त्याला पाणी घालणारे माणूसही आजच ठरवा.

तोवर एवढे तरी करा. बातमीत आकडा ऐकला, आभाळ निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, की त्यात पंचवीस मिळवा. आलेली बेरीज घरातल्या पोराला सांगा, आणि त्याच्या पायात चपला आहेत का ते पाहा.